नौशाचा हुकूम

एप्रिल उजाडला की आमच्या दारातली पत्रपेटी लग्नपत्रिकांनी भरून जाते. म्हातारपणी बोलावणी वाढतात. ज्यांना शाळेत शिकवलं ती मुलं आता आपल्या नातवंडांची लग्नं लावतात आणि बाईंना विसरत नाहीत. जाणं काही होत नाही, पण पत्रिका मी चष्मा लावून शेवटच्या नावापर्यंत वाचते. हल्ली प्रत्येक पत्रिकेवर एक शब्द हटकून असतो. परवा आलेलीवर तो सोनेरी आणि उठावदार होता, बोट फिरवलं तरी लागावा असा: ‘शाही विवाह सोहळा’. वर छत्र, खाली दोन हत्ती. मुलगा औषधांच्या दुकानात बसतो, मुलगी नर्स आहे, दोघंही गुणी आहेत. पण सोहळा शाही.

शाही म्हणजे शहाचा, आणि शहा म्हणजे राजा. जन्मभर हिंदी शिकवल्यामुळे शब्द समोर आला की त्याला गाव, घराणं विचारायची मला खोड लागली आहे. घरातली मंडळी वैतागतात. नातसून म्हणते, "आजी, पत्रिका आहे ती, पेपर नाही तपासायचा." मी पत्रिका मिटून ठेवते, पण डोकं थांबत नाही. बाहेर ऊन रणरणत असतं, कुठल्या तरी मंगल कार्यालयात बँडवाले सूर जुळवत असतात, आणि मी नगरशेजारच्या भिंगारला जाऊन पोहोचते. सेहेचाळीसचा उन्हाळा. माझं वय तेव्हा अठरा.

भिंगार तेव्हा छावणीच्या आधाराने जगणारं गाव होतं. लढाई नुकती संपली होती, पण लष्करी गाड्या अजून धूळ उडवत जात, आणि ती धूळ आमच्या पापडांवर, वाळत घातलेल्या साड्यांवर, उघड्या राहिलेल्या पुस्तकांवर सारखीच बसे. गल्लीत ताडपत्रीचा वास असे. समोरचे करीमचाचा पूर्वी रिसाल्याच्या घोड्यांची खोगिरं शिवत. घोडे गेले, मोटारी आल्या, तसे ते गाड्यांची कापडी छतं शिवू लागले. तोच दाभण, तोच मेणाचा दोरा. त्यांचा थोरला मुलगा युसूफ त्यांच्या जोडीला बसे. दुपारी कडुलिंबाच्या झाडाखाली त्यांची टोचणी चाले आणि वरून बारीक पांढरा मोहोर त्या हिरव्या ताडपत्रीवर पडत राही. तो वास, कडवट आणि गोड असा एकदमच, मला अजून ओळखता येतो. पाणी खापरी नळाचं, निजामशाहीतल्या कुणा शहाने जमिनीखालून आणलेलं. करीमचाचा ओंजळभर पिऊन म्हणत, "शहा गेले, पन पानी सोडून गेले बगा." चाचांच्या तोंडून दिवसभरात निघणारं एवढंच एक लांब वाक्य असे.

त्यांची मुलगी जुबेदा आणि मी, आम्ही दोघी हिंदीच्या वर्गाला जायचो. तेव्हा सगळीकडे हिंदीचं वारं होतं. देश आता आपला होणार, तर त्याची भाषा यायला हवी, असं म्हणत थोरामोठ्यांनी वर्ग काढले होते. आमचा वर्ग मुलींच्या शाळेच्या ओसरीत दुपारी भरे. मला हिंदी नवीन. जुबेदाच्या घरी दखनी बोलत, त्यामुळे ती वर्गात पहिल्या दिवसापासून राणीसारखी बसे आणि मला कोपराने ढोसून उत्तरं सांगे. परीक्षा पास झालेल्या मुलीला त्याच शाळेत शिकवायला घेऊ, असं गुरुजींनी सांगितलं होतं. माझ्यासाठी ती एक बरी गोष्ट होती. वडील दवाखान्यात कंपाउंडर, आम्ही ख्रिस्ती, आमच्यात मुलींनी मास्तरीण होणं रुळलेलं. जुबेदाच्या घरात मात्र असं काही आजवर कुणी केलं नव्हतं, आणि तिला ते प्राणापलीकडे हवं होतं. खडू हातात धरायची तिची हौस इतकी, की कोळशाने ती न्हाणीच्या भिंतीवर बाराखडी काढी आणि घरात बोलणी खाई.

गुरुजींनी एकदा ‘बादशाह’ हा शब्द फळ्यावर लिहिला आणि तास तिथेच संपला. ते म्हणाले, मूळ शब्द ‘पादशाह’, फारसी. आपल्या जुन्या मराठी कागदांत पातशहा येतो तो हाच. ‘शाह’ म्हणजे राज्य करणारा, फार जुना इराणी शब्द, आपल्या ‘क्षत्रिय’चा लांबचा चुलतभाऊ. आणि ‘पाद’? कुणी म्हणतं तख्त. कुणी म्हणतं धनी, सांभाळ करणारा, म्हणजे आपला ‘पती’च. इकडे आल्यावर त्याचा ‘बाद’ का झाला, असं एका मुलीने विचारलं. गुरुजींनी छपराकडे पाहिलं आणि म्हणाले, "इकडच्या कानांना पहिलं अक्षर बरं वाटेना." मग जुबेदाने पदर तोंडात कोंबला आणि सबंध ओसरी फुटली. गुरुजी स्वतःही हसले, पाठ करून.

बुद्धिबळातला शह तो हाच, असंही ते म्हणाले. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "मग शहाणा?" ते म्हणाले, "नाही, तो वेगळा. शहा आणि शहाणा फार वेळा एकत्र सापडत नाहीत."

घरी येताना जुबेदाने मला आणखी एक शहा दाखवला. दर गुरुवारी ऊद जाळत गल्लीतून एक फकीर जाई, अंगावर ठिगळांची कफनी, हातात मोरपिसांचा झाडू. त्याला सगळे ‘शाहजी’ म्हणत. मी म्हटलं, हा कुठला राजा? ती म्हणाली, "ज्याच्याकडं समदं असतं त्यो बी शहा, आनि ज्याला कायबी नको त्यो बी शहा. मधल्यांना कोन इचारतं?" आम्ही मधलेच होतो, पण मला ते फार आवडलं. आणि तिसरा शहा, ती म्हणाली, आमच्या घरात होणार आहे.

मुसलमानांच्यात नवऱ्या मुलाला नौशा म्हणतात. नौ म्हणजे नवा, शाह म्हणजे राजा. हिंदूंच्यात तो नवरदेव असतो. म्हणजे एकाने त्याला देव केलं, दुसऱ्याने राजा. आमच्या ख्रिस्त्यांत तो नुसता नवरा, तोही कुणाचा तरी मागून आणलेला कोट घालून, घामाने निथळत. देव होण्यात धोका नाही, देवाला काही करावं लागत नाही. पण राजा म्हटलं की हुकूम आला. आणि करीमचाचांच्या घराण्यात तो खरोखरच यायचा.

त्यांच्याकडची ही रीत मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. निकाह लागून नवरी घरी आली की दुसऱ्या दिवशी वलिमा, म्हणजे मुलाकडचं जेवण. पंगत बसण्याआधी नौशाला पुन्हा सेहरा बांधून गादीवर बसवायचं. घरातल्या वडीलधाऱ्याने त्याच्यापुढे हात बांधून उभं राहायचं आणि विचारायचं, "नौशा मियाँ, हुकूम?" नौशाने एक हुकूम द्यायचा, एकच. तो पुरा झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. करीमचाचांच्या वडिलांनी म्हणे आपल्या सासऱ्याला झाडावर चढायला लावलं होतं. एका काकाने भांडलेल्या दोन शेजाऱ्यांना एका ताटात जेवायला बसवलं. खुद्द करीमचाचांनी त्यांच्या वेळी काय मागितलं, असं मी विचारलं, तेव्हा जुबेदा म्हणाली, "अब्बांनी मागितलं, बँड बंद करा." ते खरंच वाटलं मला.

लग्न मे महिन्यात होतं आणि आमची परीक्षा त्याच्या पुढच्या रविवारी, नगर शहरात. जुबेदाने मुळापासून तयारी केली होती. आणि लग्नाच्या बोलण्यांतच घात झाला. नवरी शेवगावची. तिचे मामू मोठे बोलके, पोटही मोठं, घरातल्या प्रत्येक गोष्टीची चौकशी करणारे. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "पोरगी परीक्षेला शहरात जाते? परक्या बाप्यांच्या पहाऱ्यात बसून लिहिते?" विचारलं एवढंच. पण करीमचाचांचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, परीक्षा नाही. जुबेदा रडली, जेवली नाही, भांडली. चाचा दाभण ओवत राहिले. हलीमाखाला, जुबेदाची आई, काहीच बोलली नाही. ती कधीच काही बोलत नसे. तोवर तिचा आवाज मी ऐकला होता तो फक्त कोंबड्यांना बोलावतानाचा.

मग आम्ही दोघींनी नौशाला गाठलं. युसूफ हा भिंगारातला सगळ्यांत लाजरा माणूस असावा. त्याच्याशी बोललं की तो बोलणाऱ्याकडे न बघता ताडपत्रीकडे बघे. जुबेदा त्याच्यासमोर बसून म्हणाली, "भाई, तुझा हुकूम मला दे." त्याने होकाराची मान हलवली. आम्ही त्याच्याकडून वाक्य पाठ करून घेतलं, ‘जुबेदा इम्तिहान देगी.’ तीन शब्द, तेही त्याला जड जात होते. तो टाके घालता घालता पुटपुटे, आम्ही लिंबाखाली बसून ऐकत असू, आणि मला वाटे की आता काही चिंता नाही. जुबेदाने पुन्हा पुस्तक उघडलं. रात्री नाही, दुपारी. रॉकेल मिळत नव्हतं.

त्या लग्नाचं मला काय काय आठवतं. मोगऱ्याचा सेहरा, इतका दाट की युसूफचं तोंड कुठे आहे ते कळेना, आणि घोड्यावर त्याला मागून धरून बसलेला त्याचा दोस्त. मेंदीचा हिरवा, ओला वास. शेवगावहून येताना बैलगाडीत नवरीच्या मांडीवर झोपी गेलेली कुणाची तरी पोर. साखर रेशनवर, म्हणून जर्दा, त्यांचा गोड भात, गुळाचा केला, तो काळपट झाला पण चवीला उतरला. तांदूळ आख्ख्या गल्लीने थोडा थोडा दिला होता, म्हणून भाताचा दाणा चार जातींचा. भटारी परवडण्यासारखा नव्हता, तेव्हा हंडे हलीमाखालाने चढवले, जावा-नणंदांच्या मदतीने. अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर डाळीचा दालचा शिजत होता, दुधीच्या फोडी वर येत होत्या, आणि धुरात तिचं तोंड लाल होऊन गेलं होतं. हळदीचे, धुराचे, घामाचे डाग पडलेली तिची ओढणी मला नवरीच्या शालूपेक्षा जास्त स्पष्ट दिसते.

वलिम्याला अंगणात मांडव होता. मधोमध एक चादर बांधलेली, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. आमच्या गल्लीतले सगळे होते, वाणी, शिंपी, आम्ही ख्रिस्ती, कोण जेवणारे, कोण नुसतं सरबत घेणारे. चादरीला एक फाटका भाग होता, तिथे मी आणि जुबेदाने डोळे लावले. जुबेदाचा हात माझ्या मनगटावर होता.

युसूफ गादीवर बसला. सेहरा बांधला. करीमचाचा हात बांधून उभे राहिले, आणि स्वतःच्याच मुलापुढे मान वाकवून म्हणाले, "नौशा मियाँ, हुकूम?"

मोगऱ्याच्या माळा किंचित हलल्या. आत तो पाठ म्हणत असेल, असं मला वाटलं. मग त्याने सेहरा हाताने बाजूला केला, वडिलांकडे पाहिलं, मग चादरीच्या कडेने दिसणाऱ्या चुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. आणि म्हणाला, "अम्मी पैले खाएगी. सबके पैले."

जुबेदाने माझं मनगट सोडलं. मला संताप आला, अगदी मनापासून आला. एक हुकूम होता, आयुष्यात एकच, आणि ह्याने तो जेवणावर घालवला! आईला काय, ती नंतर जेवलीच असती. लोक मात्र खूश झाले. "वाहवा, नौशा!" मामू मोठ्याने म्हणाले. त्यांना वाटलं, सोपा हुकूम आहे, आता पंगत लवकर बसेल.

हलीमाखालाला चुलीपुढून उठवलं. ती येईना. हात पुसत, "मेरेकू क्या, मेरेकू क्या" म्हणत राहिली, तेव्हा जावांनी तिला ओढत आणली. बायकांच्या बाजूला दस्तरखान अंथरलं, तिच्यापुढे ताट ठेवलं. भात, त्यावर दालचा, कडेला जर्दा. हातावर पाणी घातलं. करीमचाचा चादरीपलीकडे येऊन उभे राहिले. सगळ्या मांडवात वाफेचा आणि मसाल्याचा वास भरला होता, पोरं चुळबुळत होती. खालाने ताटाकडे पाहिलं. शेजारी भिंतीला टेकून बसलेल्या जुबेदाकडे पाहिलं. आणि हात मांडीवर ठेवले.

"खाया?" चाचांनी विचारलं.

"न्हाई," खाला म्हणाली.

ती मराठीत बोलली. चादरीपलीकडच्या वाण्याला, शिंप्याला, माझ्या वडिलांना, साऱ्यांना कळावं अशा मराठीत, आणि कोंबड्यांना बोलावते त्या आवाजात.

"म्या न्हाई खानार. जुबेदा परीक्षेला जानार आसंल तर खाती."

चाचा दखनीत हळू काहीतरी म्हणाले. लोक आहेत, असं काहीतरी.

"लोक हायेत म्हनूनच बोलती. लेकानं हुकूम केला, आई पैली जेवंल. आता म्या जेवल्याबिगर तुमचा हुकूम पुरा हुत न्हाई. आन मला भूक न्हाई."

मला आधी कळलंच नाही काय घडलं. मग एकदम कळलं. हंडे भरलेले, अख्खी गल्ली बसलेली, घराण्याची रीत चाचांनी स्वतः हात बांधून सुरू केलेली. ती मोडायची तर त्यांनीच मोडायची, पाव्हण्यांदेखत. खाला ताटासमोर मांडी घालून बसली होती, डोक्यावरची ओढणी नीट करत. कुठलीही घाई नव्हती तिला. पलीकडे कुणीतरी खोकलं. कुणाचं तरी पोर "अम्मा, भूक" म्हणून रडू लागलं. चाचा नुसते उभे. चादरीवर त्यांची सावली पडली होती आणि ती हलत नव्हती.

शेवटी आवाज आला तो मामूंचा. "करीमभाई," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "भेज दो ना पोरी को! इम्तिहान तो है, जंग थोडी है. दालचा ठंडा हो रहा."

कुणीतरी फिसकन हसलं. मग वाणी हसला, मग माझे वडील, मग चादरीच्या दोन्ही बाजू. "जाएगी," चाचा म्हणाले. "जाएगी, जाएगी. अब खा, हलीमा." सगळ्यांदेखत बायकोचं नाव त्यांनी घेतलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. खालाने बिस्मिल्ला म्हणून घास घेतला, चावला, आणि तोंड वाकडं केलं. "मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. "केलंय बी म्याच."

पंगती उठल्यावर मी युसूफला एकटं गाठलं. मायलेकांनी हे आधी ठरवलं होतं का, मला जाणून घ्यायचं होतं. सेहऱ्याचा दोरा कपाळावर रुतून वळ उठला होता त्याच्या. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "अम्मीने परसोंसे कुछ खायाच नै था. मेरेकू बोलनेका सब भूल गया." आणि मग घाबरून, "जुबेदा गुस्सा है क्या?"

मला पुष्कळदा वाटतं, त्या मांडवात राजा नक्की कोण होतं. ज्याच्या डोक्यावर फुलं होती तो, की जिच्या ओढणीला हळद लागली होती ती? मी जन्मभर मुलींना समानार्थी शब्द शिकवले, राजा, नृप, भूपती, शाह, सुलतान, आणि त्या यादीपाशी आले की माझी गाडी अडखळायची. यादीत एक माणूस नाही, असं वाटायचं. गुरुजी म्हणाले होते तो अर्थ, सांभाळ करणारा, तो लोकांनी किती सहज गाळून टाकला आणि तख्त तेवढं ठेवलं. आणि नवरीला? तिला त्या दिवशी कुणी हुकूम विचारला नाही. ती लाल घुंगटात बसून राहिली आणि सर्वांच्या शेवटी जेवली. मी तेव्हा ते पाहिलं, पण मनात आलं नाही. आता येतं.

रविवारी आम्ही टांग्यातून नगरला गेलो. जुबेदा आणि मी मागे, करीमचाचा पुढे टांगेवाल्याशेजारी, मांडीवर छत्री. परीक्षेच्या शाळेसमोर एक लिंबाचं झाड होतं. पेपर सुरू झाला तेव्हा खिडकीतून मला चाचा तिथे बसलेले दिसले, फाटकाकडे तोंड करून. पेपर मला जड गेला. मी त्या खेपेला नापास झाले आणि जुबेदा पहिल्या वर्गात पास झाली, हे पुढे कळलं. त्या दुपारी मात्र आम्ही दोघीही सारख्याच थकून बाहेर आलो. ऊन डोक्यावर होतं. जुबेदाचे हात शाईने भरले होते. वडील काही विचारतील म्हणून ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

त्यांनी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली आणि टांग्याकडे चालू लागले.

"चल बेटा, जल्दी," ते म्हणाले. "तेरी अम्मी ने खाया नै होगा."